लिसनिंग रूममधली कावेरी

सिल्वासाहून राखोलीला जाणाऱ्या रस्त्यावर ऑडिओ कॅसेटची एक कंपनी होती. मुंबईत रेकॉर्ड झालेल्या गाण्यांची मूळ टेप तिथे यायची आणि तिच्यावरून हजारो कॅसेटी भरून निघायच्या. प्रत्येक लॉटमधल्या काही कॅसेटी बाजूला काढून त्या डेकवर लावायच्या, हेडफोन घालून ऐकायच्या, आवाज कुठे फाटत नाही ना, बुडत नाही ना, हे बघायचं आणि लॉट पास करायचा, हे कावेरीचं काम. काचेची खिडकी असलेल्या लहानशा थंड खोलीत ती दिवसभर बसलेली असे. यार्नच्या कंपनीत आठ-आठ तास उभ्याने पाळी करणाऱ्या शेजारणींना वाटायचं, हिनं नशीब काढलं. बसून गाणी ऐकायची आणि वर पगार घ्यायचा.

कावेरी साक्रीकडची. एकोणनव्वद साली लग्न होऊन ती नवनाथच्या मागोमाग राखोलीला आली. नवनाथ यार्नच्या कंपनीत मशीनवर होता. नदीच्या बाजूला ओळीने बांधलेल्या खोल्यांमधली एक त्यांनी भाड्याने घेतली. कॅसेटच्या कंपनीत कावेरी आधी लेबलं चिकटवायला लागली. तिथेच सुपरवायझर अरविंदभाईंच्या लक्षात आलं, की बाजूच्या मशीनवर टेप जरा ओढली गेली तरी ही मान वर करते. त्यांनी तिला लिसनिंग रूममध्ये बसवलं. ते दिवस चांगले होते. भजनं, लग्नाची गाणी, गुजराती गरबे, मग हळूहळू मुंबईच्या पोरापोरींचे पॉपचे अल्बम, गिटार आणि ड्रमवाले. कावेरीला सगळं आवडायचं. घरी आल्यावर भाकऱ्या थापता थापता ती नवनाथला सांगायची, आज एक पोरगी आली होती, आवाज असा की कैरी चावल्यासारखा. पोरगी म्हणजे कॅसेट.

एक्याण्णवमध्ये अश्विनी झाली. बाळंतपणाला कावेरी माहेरी गेली होती. परत आली तेव्हा तिला वाटलं, सर्दी कानात बसली आहे. डावा कान गच्च झाल्यासारखा वाटे. सर्दी गेली, कान तसाच राहिला. मग उजवाही जड झाला. आणि कानात एक बारीक आवाज सुरू झाला, लांब कुठेतरी पंप चालू असावा तसा. तो थांबायचाच नाही.

तेव्हाच तिला पहिल्यांदा आक्काबाईची आठवण झाली.

आक्काबाई म्हणजे तिची सख्खी मावशी. दुसऱ्या पोरानंतर मावशीचे कान गेले. नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडलं आणि पोरं ठेवून घेतली. कावेरीने लहानपणी पाहिलेली आक्काबाई गोठ्याच्या पडवीत बसून शेंगा फोडायची. लोक तिच्या तोंडावर तिच्याविषयी काहीही बोलायचे आणि ती हसून मान हलवायची. कुणीतरी मंत्र घालणारा भगत आणला, त्याने कानात कढत तेल घातलं. त्यानंतर कान वाहायला लागला तो शेवटपर्यंत. पोरंसोरं मागून जाऊन तिच्या डोक्याशी ताट वाजवायची. ती वळली नाही की हसायची. त्यांच्यात कावेरीही असे.

तिनं कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं तर पहिल्यांदा लिसनिंग रूम जाईल, मग शेजारच्या खोल्यांतल्या लोकांना कळेल, मग सासरी, आणि मग तिलाही कुणीतरी साक्रीला नेऊन सोडेल. अश्विनी इथेच राहील. हा सगळा रस्ता तिला डोळ्यांसमोर स्वच्छ दिसायचा. त्यामुळे बोलायला तोंड उघडतच नसे.

कंपनीत निभावलं जात होतं. एक गंमत अशी होती की मशीनच्या गोंगाटात तिला इतरांइतकंच ऐकू यायचं, कारण तिथे सगळेच ओरडून बोलायचे. लिसनिंग रूममध्ये तर हाताशी आवाजाचं बटण होतं. कान जसजसे जड होत गेले तसतसं ते बटण उजवीकडे सरकत गेलं. हेडफोन कानाच्या मागच्या हाडावर दाबला की आवाज जास्त उजळ येतो, हेही तिला सापडलं. का ते कळलं नाही. केस सारखे करतोय असं दाखवून ती हेडफोन मागे सरकवायची आणि काचेतून कुणी बघतंय का ते पाहायची.

खरी भीती घरी होती. अश्विनी तान्ही असताना झोळीतून रडलेली ऐकू येणार नाही म्हणून कावेरीने झोळीला सुती दोरी बांधली आणि तिचं दुसरं टोक आपल्या मनगटाला. झोळी हलली की दोरी ओढली जायची. नवनाथ म्हणाला, "हे काय नवीन?" ती म्हणाली, "झोका द्यायला बरं पडतं."

पोर चालायला लागल्यावर दोरीचा उपयोग राहिला नाही. कंपनीत जाताना कावेरी पोरीला शेजारी ठेवायची, पण घरी असताना तिला नजरेआड होऊ द्यायची नाही. तरी एकदा व्हायचं ते झालं. अश्विनी चारेक वर्षांची असेल. खोल्यांच्या टोकाला सगळ्यांचे मिळून संडास होते. दुपारी पोर आत गेली आणि कडी अडकली. ती आतून रडत राहिली, दार बडवत राहिली. कावेरी दोन भिंतींपलीकडे तांदूळ निवडत बसली होती. शेवटी शेजारच्या रजनीताईंनी दार हलवून हलवून कडी काढली आणि घामाने निथळलेली पोर आणून कावेरीसमोर उभी केली.

"कानात बोळे घातलेस का गं?" रजनीताई म्हणाल्या. "सगळी लाइन गोळा झाली, आई मात्र जागची हलली नाही."

"डोळा लागला होता," कावेरी म्हणाली. मांडीवर तांदळाचं सूप तसंच होतं.

त्या दिवसापासून ती रस्त्यालाही घाबरायला लागली. राखोलीच्या रस्त्यावर कंपन्यांचे ट्रक सारखे धावत. पाठीमागून ट्रक आला हे तिला अंगावर वारा आला की कळायचं. ती पार कडेने, नाल्याला लागून चालायची आणि दर थोड्या वेळाने मागे वळून बघायची. लोकांना वाटे, ही कुणाची वाट बघते आहे.

घरातही बोलणं कमी झालं. नवनाथ पाळीवरून यायचा, जेवायचा, झोपायचा. आधी तो कंपनीतल्या गोष्टी सांगायचा, नकला करायचा. आता तो काही सांगेनासा झाला होता. कावेरीला वाटायचं, तो बोलत असेल आणि आपल्याला ऐकू येत नसेल. म्हणून जेवताना ती त्याच्या ओठांकडे बघत राहायची. ओठ हलत नसत. घास चावण्यापुरतेच हलायचे.

शहाण्णव साली 'तांबडी धूळ' नावाचा अल्बम आला. मुंबईची चार पोरं आणि एक पोरगी. गावाकडची जुनी ओव्यांची, मोटेवरची गाणी घेऊन त्यांनी ती गिटार आणि ड्रमवर बसवली होती. सुरुवातीला दुकानदारांनी नाकं मुरडली, मग टीव्हीवर एक गाणं लागलं आणि कॅसेट पुरेना. कंपनीत तिन्ही पाळ्यांना तेच काम. लॉटमागून लॉट निघत होते.

नेमकी त्याच सुमारास बटणाची भानगड झाली. कावेरीच्या पाठोपाठ दुसऱ्या पाळीला ममता बसायची. ती डहाणूकडची, तोंडाने फटकळ आणि मनाने चांगली. एका दुपारी कावेरी बटण मागे करायला विसरली. ममताने हेडफोन घातला, डेक चालू केला आणि किंचाळून हेडफोन फेकून दिला. कानावर हात दाबून ती बाहेर आली. अरविंदभाई धावत आले.

"एवढा आवाज कोण ठेवतं? बहिरी करायची आहे का मला?" ममता म्हणाली.

अरविंदभाईंनी कावेरीकडे बघितलं. कावेरी म्हणाली, "मशीन पुसताना हात लागला असेल."

अरविंदभाईंनी दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला बोलावून बटणाला खीळ बसवली. ठरावीक खुणेच्या पुढे ते आता वळेना. "कावेरीबेन, बधाना, सगळ्यांचे कान सलामत राहतील," ते म्हणाले. कावेरीने मान डोलावली.

त्या खुणेवर तिला ड्रम ऐकू यायचे, पोरांचा खडा आवाज यायचा. पण त्या पोरीचा हळू आवाज गेला. दुसऱ्या बाजूला एक गाणं होतं, त्यात ती पोरगी सुरुवातीला बराच वेळ एकटीच गुणगुणते. कावेरीला ते गाणं पाठ होतं. कॅसेट फिरू लागली की डेकवरची आवाजाची सुई थरथरायची आणि त्या सुईबरोबर कावेरीच्या डोक्यात गाणं आपोआप सुरू व्हायचं. कधी कधी ती मुद्दाम सुईवरून नजर काढायची, आपण खरंच ऐकतोय का हे बघायला. गाणं चालूच राहायचं. कानात वाजतंय की डोक्यात, हे तिला सांगता येत नव्हतं. पण समोर कॅसेटी रचलेल्या असायच्या. ती शिक्का मारायची, पास.

महिन्याभराने कॅसेटींचे खोके परत यायला लागले. आधी सुरतेहून, मग नाशिकहून. दुकानदारांची एकच तक्रार होती, कॅसेटमध्ये भूत आहे. ती पोरगी गुणगुणायला लागली की तिच्या मागे कुणीतरी उलटं बोलतं. भुताचे पाय उलटे असतात हे सगळ्यांना माहीत. त्यात ही वाणीही उलटी. कुठल्या तरी घरात म्हातारी ते ऐकून आजारी पडली अशी बातमीही खोक्यांबरोबर आली. कंपनीतल्या बायका त्या खोक्यांजवळ जाईनात. एकीने लेबलाच्या टेबलावर लिंबू आणून ठेवलं.

अरविंदभाईंना कारण कळलं होतं. टेपच्या एकाच पट्टीवर दोन्ही बाजूंची गाणी शेजारीशेजारी भरलेली असतात, एक सुलट आणि एक उलट. भरणाऱ्या मशीनचं टेपला टेकणारं हेड केसभर सरकलं तर या बाजूच्या गाण्यामागे त्या बाजूचं गाणं उलटं, पुसट ऐकू येतं. तेवढंच झालं होतं. प्रश्न वेगळाच होता, असा लॉट पास कसा झाला.

मुंबईहून मोठे साहेब आले. लिसनिंग रूममध्ये स्पीकर लावला गेला. साहेब, अरविंदभाई, मेकॅनिक, ममता आणि कावेरी. दारात बाकीच्या बायका गर्दी करून उभ्या होत्या. अरविंदभाईंनी परत आलेली कॅसेट लावली.

कावेरीला काहीच ऐकू आलं नाही. कानातला तो पंप तेवढा चालू होता. तिने सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. साहेबांच्या भुवया वर गेल्या. दारातल्या एकीने पदर तोंडावर घेतला. ममताने खांदे आवळले. कावेरीनेही खांदे आवळले आणि पदर घट्ट धरला. भीती दाखवणं अवघड नव्हतं. भीती तिला खरोखरच वाटत होती. फक्त ती वेगळ्याच गोष्टीची होती.

अरविंदभाईंनी डेक थांबवला. पाठमोरे होऊन ते काहीतरी बोलले आणि पुन्हा चालू केला. कावेरीला त्यांची पाठ दिसत होती. पुन्हा तेच लावलं असेल असं तिला वाटलं. ममताने नाक आक्रसलं; तिला शिंक येत होती, कावेरीला वाटलं ती पुन्हा घाबरली. साहेब कावेरीकडे वळले आणि म्हणाले, "तुम्ही इथे बसता ना? तुम्हाला येतंय ऐकू?" हे तिला त्यांच्या ओठांवरून कळलं.

"हो साहेब," कावेरी म्हणाली. "येतंय ना. बाई मागे बोलतेय. उलटं."

ममताने मान खाली घातली. मग कावेरीने अरविंदभाईंच्या हातातला कॅसेटचा रिकामा डबा पाहिला. त्यावर नवीन लॉटचा शिक्का होता. पाठमोरे होऊन ते एवढंच म्हणाले होते, की आता चांगली कॅसेट लावतो, फरक बघा.

अरविंदभाई तिच्या मागे जाऊन उभे राहिले. ते काय बोलले ते तिला कधीच कळलं नाही. तिने फक्त दारातल्या बायकांचे डोळे पाहिले. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या, ती वळेल याची वाट बघत. गोठ्याच्या पडवीत ताट वाजवल्यावर पोरं बघायची तशा. कावेरी वळली, पण फार उशिरा.

अरविंदभाई समोर आले. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता आणि त्यामुळे तिला जास्तच भीती वाटली. ते सावकाश, ओठ मोठे करून म्हणाले, "बेन, केटला वखत थी? किती दिवसांपासून?"

कावेरीने टेबलावरचा शिक्का उचलून त्यांच्या हातात दिला.

"उद्यापासून येऊ नको. डॉक्टरला दाखव. मग बघू."

घरी तिनं काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे डबा घेऊन निघाली, अश्विनीला बालवाडीत सोडलं आणि नदीवर बायका कपडे धुतात तिथे जाऊन बसली. पाण्याकडे बघत बसायची आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी यायची. आठवडाभर असं चाललं. रोज ती ठरवायची, आज सांगायचं. रोज नवनाथच्या बंद ओठांकडे बघून तिचा धीर सुटायचा.

रविवारी ममता घरी आली. नवनाथ खाटेवर पडला होता. ममता दारातूनच म्हणाली, "डॉक्टरकडे गेलीस का? अरविंदभाई विचारत होते."

नवनाथ उठून बसला. "कसला डॉक्टर?"

ममताने दोघांकडे बघितलं, परिस्थिती ओळखली आणि आता आत येऊन बसण्यावाचून गत्यंतर नाही हेही ओळखलं. तिने सगळं सांगितलं. कावेरी भिंतीला टेकून बसली होती. ऐकू येत नव्हतं तरी काय चाललंय ते तिला पुरतं कळत होतं. आता साक्रीची एस.टी., एवढंच तिच्या मनात होतं. तिने अश्विनीला जवळ ओढून घेतलं.

ममता गेल्यावर नवनाथ कावेरीसमोर येऊन उकिडवा बसला. मग त्याने तिची हनुवटी वर केली आणि मोठ्याने, घरच्या बोलीत म्हणाला, "माले वाटनं तू मनावर रुसेल शे."

आपण त्याच्यावर रुसलोय? तिला वाटलं, त्याचे ओठ आपण चुकीचे वाचले. "काय?"

"मी हाका मारायचो, तू वळायची नाहीस. मी काही सांगायचो, तू भलतीकडे बघायचीस. मला वाटलं तुझं मन उडालं. कंपनीत चांगली चांगली गाणी ऐकते, आता आपलं बोलणं कशाला गोड लागेल. म्हणून मीच बोलायचं सोडलं."

"कधीपासून?"

"लई दिवस झाले."

कावेरी त्याच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं ज्या शांततेला ती घाबरत होती, त्यातली अर्धी तरी त्याची होती. तिला रडू आलं नाही, राग आला. मग राग गेला आणि पुन्हा भीतीच उरली. "मला गावाला पाठवणार का?" तिने विचारलं.

"कशाला?" नवनाथ म्हणाला. त्याला प्रश्नच कळला नव्हता.

सिल्वासाच्या सरकारी दवाखान्यात कानाच्या डॉक्टर आठवड्यातून एकदा येत. तरुण बाई होत्या. त्यांनी चिमट्यासारखा एक लोखंडी काटा टेबलावर आपटून आधी कावेरीच्या कानासमोर धरला, मग कानामागच्या हाडावर टेकवला.

"आवाज कुठे मोठा येतो?"

"हाडावर."

डॉक्टरांनी मान डोलावली. त्यांनी नवनाथला आणि तिला समोर बसवून कागदावर चित्र काढून दाखवलं. कानाच्या आत तीन बारीक हाडं असतात. सगळ्यात आतलं घोड्याच्या रिकिबीसारखं. ते हललं तर आवाज पुढे जातो. काही घराण्यांत ते हाड घट्ट होऊन बसतं, आणि बायकांचं बाळंतपणानंतर जास्तच. "तुमच्या घरात कुणाला होतं का असं?"

कावेरीने नवनाथकडे पाहिलं. "मावशीला," ती म्हणाली.

"ऑपरेशन होतं याचं. मुंबईला. ते हाड काढून तिथे बारीक पिन बसवतात. बहुतेकांना ऐकू येतं." डॉक्टर थांबल्या. "एखाद्याचा तो कान कायमचा जातोही. हे आधी सांगायला हवं."

त्या शेवटच्या वाक्याने कावेरीची झोप उडाली. कानात कुणी हत्यार घालणार म्हटलं की तिला कढत तेल दिसायचं. सासरहून निरोप आला, भगत चांगला आहे, मुंबईच्या नादाला लागू नका. नवनाथ म्हणाला, "तुझा कान, तू सांग." तो दुसरं काही म्हणाला असता तर बरं, असं तिला वाटलं. कुणी ओढून नेलं असतं तर घाबरून जाता आलं असतं. आता घाबरूनही स्वतःच पाऊल टाकायचं होतं.

शेवटी ठरलं ते एका साध्या गोष्टीवरून. अश्विनी आता पहिलीत होती. एका सकाळी कावेरीने पाहिलं, पोर काही सांगायचं असलं की आधी समोर येऊन आईचा गाल धरते, तोंड आपल्याकडे वळवते आणि मगच बोलते. कुणी शिकवलं नव्हतं तिला. इतर पोरांच्या आयांशीही ती तसंच करायला जाई आणि त्या हसायच्या. कावेरीने त्याच दिवशी नवनाथला सांगितलं, जाऊ या.

वापीहून गाडीने ते मुंबईला गेले. ऑपरेशनच्या वेळी भूल फक्त कानापुरती होती. कावेरीच्या तोंडावर हिरवं कापड टाकलं होतं, एक कान उशीत आणि दुसऱ्यात डॉक्टरांचं हत्यार. हाताची बोटं तिने पलंगाच्या कडेला इतकी आवळली होती की नर्सने ती एक एक करून सोडवली. आत काहीतरी खरवडलं जात होतं, डोक्याच्या मधोमध. मग खोली गर्रकन फिरल्यासारखी झाली. आक्काबाई अशीच निजली असेल, कुणीतरी डोकं धरलं असेल, असं तिच्या मनात आलं आणि ओरडावंसं वाटलं. पण हलायचं नाही असं बजावलेलं होतं.

आणि मग खण्णकन काहीतरी वाजलं.

"हलू नका," कुणीतरी म्हणालं. अगदी हळू. आणि ते तिला ऐकू आलं.

वाजलं होतं ते डॉक्टरांनी ट्रेमध्ये ठेवलेलं हत्यार. मग कापडापलीकडून तोच हळू आवाज पुन्हा आला, "मुलीचं नाव काय तुमच्या?"

"अश्विनी."

"कितवीत आहे?"

"पहिलीत." कावेरीचं अंग हुंदक्याने हलायला लागलं.

"रडायचं नंतर," आवाज म्हणाला. "आता डोकं स्थिर."

पुढचे काही दिवस वाईट गेले. उठलं की जमीन कलायची. कानात बोळा असल्यामुळे सगळं पुन्हा बंद झालं आणि टेबलावर ऐकलेलं खरं होतं की भास, हे तिला कळेना. बोळा काढायच्या दिवशी ती एवढी घाबरली की नवनाथने तिचा हात धरून ठेवला होता. बोळा निघाला आणि बाहेरच्या कॉरिडॉरमधल्या चपलांचे आवाज आत घुसले.

राखोलीला आल्यावर तिला सगळ्याचीच भीती वाटायला लागली. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली की ती दचकायची. भांडं खाली ठेवताना, बांगड्या वाजल्या तरी दचकायची. आपण बोलतो ते किती हळू, जवळजवळ पुटपुटल्यासारखं, हे तिला तेव्हा कळलं. रात्रीची पाळी संपवून आलेला नवनाथ झोपेत घोरायचा तेही तिला ठाऊक नव्हतं. एकदा त्याने मशीनवरच्या मुकादमाची नक्कल केली, आणि ती हसली. मग तो थांबेना.

ममताने एका संध्याकाळी टेपरेकॉर्डर आणि 'तांबडी धूळ' आणली. कावेरीला ती सगळी पाठ होती, तरी तिने ऐकली. ती पोरगी गुणगुणायला लागली आणि तिच्या बरोबरीने एक तुणतुणं वाजत होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, बारीक, न थांबता.

"हे कधी घातलं यांनी?" कावेरीने विचारलं.

"कधी म्हणजे? आधीपासूनच आहे," ममता म्हणाली.

कावेरीने टेप बंद केला. ममताला वाटलं होतं तिला आनंद होईल. पण कावेरी कॅसेट बाहेर काढून हातात घेऊन बसली. शिक्का मारून पास केलेल्या गाण्यात एक अख्खं वाद्य होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. मग अश्विनी लहान असताना काय काय बोलली असेल, किती वेळा हाक मारली असेल, हे तिच्या मनात आलं, आणि तिने ते ममताला सांगितलं नाही.

कंपनीत तिला परत घेतलं, पण लिसनिंग रूममध्ये नाही. साहेबांनी नको म्हटलं. ती कव्हरं घालायच्या टेबलावर बसायची. पुढे सीडी आल्या, ऑर्डरी आटल्या आणि नव्याण्णवमध्ये कंपनी बंद पडली. अरविंदभाई वलसाडला भावाच्या दुकानात गेले. कावेरी सिल्वासातल्या टोकरखाड्याच्या एका शाळेत शिपाई म्हणून लागली. घंटा तीच वाजवते. डाव्या कानाचं ऑपरेशन तिने अजून केलेलं नाही. ऑपरेशन झालेला उजवाही गेला तर, या विचाराने ती त्या कानाला गार वाराही लागू देत नाही. मे महिन्यातही रुमाल बांधून फिरते.

गेल्या वर्षी सिल्वासात कानाचं शिबिर झालं. कावेरी शाळेतून रजा काढून अश्विनीला घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मुलीचे कान एकदम उत्तम आहेत, काळजीचं काही नाही. कावेरीने मावशीचं सांगितलं, आपलं सांगितलं. डॉक्टर जरा विचार करून म्हणाले, "मग मोठी झाल्यावर एकदा दाखवा. लग्नाच्या आधी. आत्ता काही कळणार नाही."

परत येताना अश्विनीने विचारलं, "मला काही होणार आहे का, आई?"

"नाही," कावेरी म्हणाली. "तू इकडे, नाल्याच्या बाजूने चाल."